बुद्धासमोरचा टीव्ही बिघडला तर

आमच्या नाशिकच्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं. दहा बाय आठची खोली, दारातच लाकडी टेबल, त्यावर पाठ उघडी करून ठेवलेले दोन-तीन संच आणि सोल्डरिंगच्या धुराचा वास. तिथले काका काही बिघाड संच न उघडताच ओळखायचे. पडदा काळा आणि मधोमध एकच पांढरी आडवी रेघ दिसली की म्हणायचे, "व्हर्टिकल गेलंय. आयसी बदलावा लागेल." पिक्चर ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात, त्याला यॉक म्हणतात. त्यातलं एक वेटोळं इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे फिरवतं, दुसरं वरून खाली. दुसऱ्याचं काम थांबलं की बातम्या, क्रिकेट, रविवारचा सिनेमा सगळं चेपून त्या एका रेघेत जमा होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी नाम जून पाइक या कोरियन कलावंताच्या एका कामाचं छायाचित्र पाहिलं आणि मला आधी ते दुकान आठवलं. मार्च १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपर्टाल शहरातल्या एका गॅलरीत पाइक यांनी मुद्दाम छेडछाड केलेले टीव्ही संच मांडले होते. त्यातल्या एका बिघडलेल्या संचावर फक्त रेघ उरली होती. पाइक यांनी तो संच एका बाजूवर उभा केला. आडवी रेघ उभी झाली. त्या कामाला त्यांनी 'टीव्हीसाठी झेन' असं नाव दिलं, झेन म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ. काका ज्याला 'व्हर्टिकल गेलंय' म्हणायचे, त्याच्यासमोर लोक आज संग्रहालयात शांत उभे राहतात.

अशा कामांना मराठीत आपण मांडणशिल्प म्हणतो. पाइक १९३२ साली सोलमध्ये जन्मले, टोकियोत शिकले, १९५६ मध्ये संगीताच्या अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि नंतर न्यूयॉर्कला राहिले. त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध मांडणशिल्प १९७४ मधलं, 'टीव्ही बुद्ध'. बुद्धाची एक जुनी मूर्ती ध्यानमुद्रेत बसलेली आहे. तिच्यासमोर एक लहान टीव्ही आणि त्याच्या मागे मूर्तीवर रोखलेला कॅमेरा. पडद्यावर त्या क्षणाचं, त्याच मूर्तीचं चित्र. बुद्ध बुद्धाकडे पाहतो आहे. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात ते आहे. दूरचं जवळ आणण्यासाठी जे यंत्र निघालं, त्याला पाइक यांनी समोर जे आहे तेवढंच दाखवायला लावलं. कार्यक्रम नाही, पुढचा भाग नाही, जाहिरात नाही. तुम्ही चालत मूर्तीच्या मागे गेलात तर क्षणभर तुम्हीही पडद्यावर येता आणि बाजूला झालात की नाहीसे होता. वर्तमान क्षणाकडे पाहणं म्हणजे काय, हे इतक्या थोड्या सामानात सांगणारं दुसरं काम मला माहीत नाही.

हे सांगितलं की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. एका विहारात बोलत असताना एका ज्येष्ठ उपासकांनी मला तो थेट विचारला होता, "बुद्धाला टीव्हीपुढे बसवणं हा मान झाला की अपमान?" त्यांच्या प्रश्नामागची वेदना मला कळते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जो बुद्ध आपल्या घरात आला तो माणूस म्हणून उभं राहण्याचा आधार म्हणून आला. आणि आज त्याच बुद्धाचं मस्तक हॉटेलच्या लॉबीत, मसाज केंद्राच्या दारात, सोफ्यामागच्या भिंतीवर शोभेची वस्तू म्हणून लागलेलं दिसतं. त्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. पण पाइक यांचं काम त्या रांगेत बसत नाही. तिथे बुद्ध खोलीची शोभा वाढवत नाही, यंत्राला प्रश्न विचारतो.

शिवाय धम्म आणि निरोप पोचवण्याचं नवं तंत्र यांचं नातं फार जुनं आहे. तारीख असलेलं, आजवर टिकून राहिलेलं जगातलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक इसवी सन ८६८ मधलं वज्रच्छेदिका हे बौद्ध सूत्र आहे. वांग ज्ये नावाच्या माणसाने आईवडिलांच्या नावाने, लोकांना फुकट वाटण्यासाठी ते छापवून घेतलं, असं त्याच्या शेवटी लिहिलेलं आहे. त्याच्याही शंभर वर्षं आधी जपानच्या सम्राज्ञी शोतोकू यांनी दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवून त्यांत छापील धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रपाठ, ठेवायला लावल्या. कोरियात मंगोल स्वाऱ्यांमध्ये त्रिपिटकाचे लाकडी ठसे जळाले तेव्हा तेराव्या शतकात ते पुन्हा कोरायला घेतले गेले. ते ८१ हजारांहून जास्त ठसे हेइन्सा मठात आजही आहेत. ज्या काळात जे सगळ्यात नवं साधन होतं, ते बौद्धांनी हातात घेतलं. विसाव्या शतकात एका कोरियन माणसाने टीव्ही घेतला, यात परंपरेबाहेरचं काही नाही.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि तो मला जास्त सार्वजनिक वाटतो. दगडाची मूर्ती दोन हजार वर्षं टिकते, लाकडाचा ठसा आठशे वर्षं. पिक्चर ट्यूबची उमर दहा-वीस वर्षांची. बुद्धासमोरचा टीव्ही बिघडला, तर काय करायचं?

सोलजवळच्या ग्वाचॉनमध्ये दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालय आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वर्षी पाइक यांनी तिथे एक मनोरा उभा केला. नाव, 'जितके जास्त तितके चांगले'. आकार थरांच्या पॅगोड्याचा, उंची साडेअठरा मीटर आणि तो रचलेला आहे १,००३ टीव्ही संचांचा. ३ ऑक्टोबर, म्हणजे दहाव्या महिन्याची तीन तारीख, हा कोरियाचा राष्ट्रस्थापना दिन, त्यावरून ही संख्या. संग्रहालयाचा गोल चढ या मनोऱ्याभोवती फिरत वर जातो, म्हणजे वरच्या दालनांकडे जाणारा माणूस आपसूक त्याची प्रदक्षिणा करतो. आपल्या लेण्यांच्या चैत्यगृहात खांबांमागून स्तूपाभोवती फिरायची वाट असते, तीच ही. फक्त इथल्या स्तूपाला हजार पडदे आहेत.

२००३ मध्ये त्यातले सगळे संच बदलावे लागले. तरी फेब्रुवारी २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला. जुने संच तापत होते, विजेचा धोका होता आणि तशा ट्यूब आता जगात कोणी नव्याने बनवत नव्हतं. मग देशभर वाद झाला. काहींचं म्हणणं, सरळ नवे सपाट पडदे लावा. काहींचं म्हणणं, फुगीर काच गेली तर पाइक गेले. मनोरा उतरवून टाकावा इथपर्यंत मतं गेली. शेवटी संग्रहालयाने मधली वाट धरली. ७३७ ट्यूब दुरुस्त करून किंवा जुन्या बाजारातून मिळवून पुन्हा लावल्या, उरलेल्या २६६ लहान संचांच्या जागी सपाट पडदे बसवले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मनोरा परत उजळला. आता तो मर्यादित वेळच चालवतात.

माझ्या मते संग्रहालयाने योग्य केलं. पण ते योग्य का, हे नीट सांगायला हवं, कारण या कामावर घेतला जाणारा सगळ्यात वजनदार आक्षेप बौद्ध विचारातूनच येतो.

आक्षेप असा, की सगळं अनित्य आहे असं जो धम्म सांगतो, त्याच्या नावाने उभं केलेलं यंत्र बंद पडत असेल तर पडू द्या. त्याला धरून ठेवणं हीच तृष्णा. ऐकायला हे खोल वाटतं. मीही काही काळ असंच मानत होतो. मग महापरिनिर्वाणाच्या वेळचं तथागतांचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. "वयधम्मा सङ्खारा, अप्पमादेन सम्पादेथ." घडवलेल्या सगळ्या गोष्टी झिजणाऱ्या आहेत, अप्रमादाने, म्हणजे गाफील न राहता, काम तडीस न्या. आपण पहिला अर्धा भाग घेतो आणि दुसरा सोडून देतो. झिजणार हे माहीत आहे म्हणूनच जागं राहा, असं ते वाक्य आहे. देखभाल न करण्याला अनित्यतेचं नाव देणं हा शुद्ध प्रमाद आहे.

सुटे भाग बदलले तर वस्तू तीच राहते का, याचंही उत्तर आपल्या परंपरेत आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात राजा मिलिंद रथात बसून भिक्खू नागसेनांकडे येतो. नागसेन विचारतात, रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? प्रत्येक प्रश्नाला राजा नाही म्हणतो. सगळे भाग एकत्र जुळून आले की त्याला रथ म्हणायचं, असं शेवटी ठरतं. (याच मिलिंदाचं नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला दिलं. वादात हरायची तयारी ठेवून प्रश्न विचारणारा राजा त्यांना विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा होता, असं मी समजतो.) नागसेनांच्या हिशेबाने २६६ पडदे बदलल्याने पॅगोडा बदलत नाही. १,००३ चित्रं एकत्र हलतात आणि माणूस त्यांच्याभोवती चढत जातो, हे जुळून येणं म्हणजे तो पॅगोडा.

पण हाच न्याय सरसकट लावला तर फसगत होईल. 'टीव्ही बुद्ध'मध्ये ट्यूब बदला, कॅमेरा बदला, काम जिवंत राहील. तिथे जीव आहे तो चित्र त्या क्षणाचं असण्यात. कोणी वीज वाचवायला तिथे मूर्तीचं आधी टिपून ठेवलेलं चित्र लावलं तर डोळ्यांना फरक कळणार नाही, कारण मूर्ती हलतच नाही. पण मागून जाणारा माणूस पडद्यावर उमटणार नाही आणि त्या दिवशी ते काम संपलेलं असेल. 'टीव्हीसाठी झेन'चं याच्या उलट. तिथली रेघ ट्यूबमधल्या झोतातूनच जन्मते. सपाट पडद्यावर तशीच पांढरी रेघ काढता येईल, पण ते रेघेचं चित्र झालं. चेपून रेघ व्हायला मुळात तिथे काही नव्हतंच. त्या कामासाठी शेवटची ट्यूब असेपर्यंत ट्यूबच हवी.

जपानचे कलावंत तात्सुओ मियाजिमा आकड्यांचे दिवे वापरतात. त्यांच्या कामात लहान लहान एलईडी १ ते ९ असे मोजत जातात आणि शून्याच्या जागी दिवा विझतो. शून्य लिहिलं जात नाही, काळोख येतो. मग पुन्हा मोजणी सुरू. नाओशिमा बेटावर एका जुन्या घरात, खोलीभर पाण्याखाली त्यांनी १९९८ मध्ये असे १२५ आकडे ठेवले आणि प्रत्येक आकड्याचा वेग बेटावरच्या एकेका माणसाने ठरवला. पाच वर्षांच्या मुलांपासून नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत. आता विचार करा, त्यातला एक दिवा खरोखरच गेला तर? शून्याचा काळोख आणि बिघाडाचा काळोख पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. फरक फक्त त्यालाच कळतो जो रोज तिथे थांबून, हा पुन्हा एकवर येतो की नाही ते पाहतो.

म्हणून काय बदलायचं आणि काय नाही, याचा निकाल एका नियमाने लागत नाही. काम जवळून ओळखणारी माणसं लागतात आणि ती फक्त कलासमीक्षक किंवा अधिकारी असून भागत नाही. ग्वाचॉनचा मनोरा पाइक यांच्याबरोबर उभा केला तो ली जंग-संग या तंत्रज्ञांनी. सोलच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात हात बसलेला हा माणूस पाइक यांच्या अनेक कामांमागे होता. पाइक २००६ मध्ये गेले, त्यानंतरही मनोऱ्याबद्दल विचारायचं तर यांनाच. अशा माणसाची जागा निर्णयाच्या टेबलावर पहिल्या ओळीत असली पाहिजे.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्रातही स्मारकं, विहार, संग्रहालयं यांत पडदे, प्रोजेक्टर, ध्वनिप्रकाश बसवायची लाट आहे आणि मला ती मनापासून हवी आहे. ज्या पोरांना पाली येत नाही, लेण्यातला शिलालेख वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचवायला हेच हातातलं साधन आहे. पण मागे एका शहरातल्या स्मारकात गेलो होतो. बुद्धाच्या जीवनावरचं एक दालन, सहा स्पर्शपडदे. त्यातले चार बंद. एकावर 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद चिकटवलेला, ऊन लागून शाई उडालेली. एका पडद्यावर बोधिवृक्षाचं चित्र येऊन तिथेच अडकलं होतं. एक सहा-सात वर्षांची मुलगी त्याच्यावर बोट फिरवत होती, आई म्हणाली, "चल बाळा, ते बंद आहे." रखवालदाराला विचारलं तेव्हा कळलं, बसवणाऱ्या कंत्राटदाराची मुदत संपली, पुढची तरतूदच नाही. उद्घाटनाचा फलक मात्र दारात लख्ख होता.

हे पाहून खाली मान घालून परत आलो, आणि घरापासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्रिरश्मी लेण्यांमध्ये, ज्यांना बरेच जण पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यापुढे जाऊन बसलो. तिथे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणं दिलं, आणि नुसतं लेणं देऊन तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनीवी दिली, म्हणजे कधी न मोडायची ठेव. ही रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली: एकीकडे २,००० महिना शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं, असं लेखात स्पष्ट म्हटलं आहे. हिशेब करून पाहा. २,००० चं वर्षाचं व्याज २४० होतं. इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही. उरलेल्या हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला.

तो आकडा मांडून मी बराच वेळ तिथे बसलो. देणगी देताना त्या माणसाने पुढच्या प्रत्येक पावसाळ्याचा हिशेब केला होता. आणि ठेव कुणाकडे ठेवली त्या विणकरांच्या श्रेणी लेखात आहेत. त्याच डोंगरात अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अशीच ठेव ठेवली, तीही श्रेणींकडेच. त्यात तेली आहेत आणि 'ओदयांत्रिक' आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे कारागीर. यंत्र जाणणाऱ्यांच्या हाती संघाचं औषध सोपवलं होतं.

माझी मागणी यापेक्षा वेगळी नाही. बुद्धाच्या नावाने, किंवा कुणाच्याही नावाने, सार्वजनिक पैशातून पडद्याचं, दिव्याचं, यंत्राचं काम उभं करायचं असेल तर अंदाजपत्रकातच त्याची अक्षयनीवी धरा. ती नसेल तर काम मंजूर करू नका. छोटं करा, दोनच पडदे लावा, पण ते चालते ठेवा. कलावंताकडून लेखी घ्या की यातलं काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर काम संपेल. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव फलकावर घाला. आणि शहरातल्या ज्या माणसांच्या बोटांत जुन्या संचांची विद्या अजून आहे, त्यांच्यापाशी कलाशाळेच्या आणि आयटीआयच्या मुलांना नेऊन बसवा, ती माणसं आहेत तोवर.

कोणी म्हणेल, शाळांची छपरं गळतात तिथे मांडणशिल्पाच्या ठेवी कशाला? पण ज्या कार्यालयाला पडद्याची देखभाल सुचत नाही त्याला छपराचीही सुचत नाही. ती सवय एकच आहे. हेइन्सात ठसे ठेवायच्या इमारतीला वरच्या आणि खालच्या खिडक्या वेगवेगळ्या मापांच्या ठेवल्या, हवा खेळती राहून लाकडाला ओल लागू नये म्हणून. ठसे कोरण्याइतकाच विचार ते ठेवण्याचा झाला होता, म्हणून ते आहेत.

गेल्या दिवाळीत त्या दुकानात गेलो. आता मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, काका मागे खुर्चीत बसतात. मी त्यांना पाइक यांच्या उभ्या रेघेचं छायाचित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"व्हर्टिकल गेलंय. आडवा ठेवलाय संच."

"काका, हे असंच चालू ठेवायचं असेल तर? वर्षानुवर्षं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "नुसता बिघाड ठेवून नाही चालत रे. बाकी सगळं ठणठणीत लागतं. हाय व्होल्टेज देणारा एलओटी चांगला पाहिजे, व्होल्टेज बरोबर पाहिजे. आणि ब्राइटनेस कमी ठेवायचा. सगळा झोत एकाच जागी पडतो ना, काचेच्या आतला फॉस्फरचा थर जळतो. मग संच दुरुस्त केला तरी काचेवर रेघ राहते." मग त्यांनी मुलाला माळ्यावर चढायला सांगितलं. गोणपाटात गुंडाळलेल्या चौदा इंची तीन पिक्चर ट्यूब होत्या. एक तपासलेली होती, दोन अजून लावून पाहायच्या होत्या.